बाबा, रवीचं माप पाठवा

गोथेनबर्ग, स्वीडन, रविवार संध्याकाळ

ती. बाबा आणि आई, सा. न. (शाळेत शिकवलेलं अजून विसरले नाहीये बघा),

फोनवर बाबांना माझं अर्धं बोलणं ऐकू येत नाही, मग आई मध्ये बसून भाषांतर करते आणि तिच्या भाषांतरातून "बरी आहे ती, जेवलीय" एवढंच पोचतं, म्हणून या वेळी सरळ टाइप करून पाठवतेय. दादा, याची प्रिंट काढून दे त्यांना. अक्षर मोठं ठेव, कागद वाचवू नकोस.

लिहायचं कारण चिऊ. मागच्या रविवारी ती फोनवर म्हणाली, आत्या मला हाताने काहीतरी बनवायला शिकायचंय पण काय बनवू तेच सुचत नाहीये. आणि मी, शहाणी, म्हटलं यूट्यूबवर बघ ना गं, खूप असतं. फोन ठेवला आणि स्वतःचीच लाज वाटली, कारण मी स्वतः दोन वर्षं नेमकं तेच केलं होतं आणि हातात काय आलं तर काही नाही.

इथला पहिला हिवाळा तुम्हाला सांगितला नव्हता नीट. डिसेंबरात साडेतीनला अंधार पडतो. म्हणजे दुपारचा चहा अंधारात. ऑफिसातून घरी यायचं, करायचं काय, तर मोबाइल. त्यात बायका काय काय करताना दिसायच्या, क्रोशा, मॅक्रमे, रेझिनचे कोस्टर, सगळं वीस सेकंदात तयार. मी सेव्ह करत गेले. तीनशेच्या वर व्हिडिओ सेव्ह होते आणि सामानही मागवत गेले, लोकर, सुया, दोऱ्या, रेझिनचं किट, ते तर अजून उघडलेलंही नाही. एक मफलर मात्र केला. सुरुवातीला चांगला बारा बोटं रुंद होता आणि संपताना चार बोटं. त्रिकोणी मफलर! मला कळेचना लोकर कुठे जाते. मग आईला फोटो पाठवला तर आईने अर्ध्या मिनिटात सांगितलं, अगं ओळीतला शेवटचा टाका सोडतेयस तू दर वेळी, मोज. एवढंच होतं. तीनशे व्हिडिओंत ते कोणी सांगितलं नव्हतं, कारण तिथे कोणाचंच चुकत नाही ना.

बरं. तर गेल्या सप्टेंबरात ऑफिसातली एकजण म्हणाली की तू स्लॉइडला का येत नाहीस. स्लॉइड म्हणजे हस्तकला, पण आपल्याकडे हस्तकला म्हटलं की थर्माकोल आणि चमकी, तसं नाही. इथे शाळेत तो सक्तीचा विषय आहे, गणितासारखा, मुलगे आणि मुली दोघांनाही, शिवणही करायचं आणि लाकूड-धातूचं कामही करायचं. त्यामुळे बहुतेक घरांत पोराने शाळेत केलेली लोणी लावायची एक लाकडी सुरी असतेच, आणि ती कितीही वाकडी असली तरी पोरगं चाळिशीचं झालं तरी टेबलावर असते. मोठ्यांसाठी संध्याकाळचे वर्ग असतात. आमचा दर मंगळवारी, एका शाळेच्या वर्कशॉपात, आम्ही आठजण. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या आहेत आणि इथल्या पद्धतीप्रमाणे सगळे त्यांना नावाने हाक मारतात. माझी जीभ रेटत नाही. मी "एक्सक्यूज मी" म्हणून वेळ मारून नेते आणि मनात बाई म्हणते.

बाबा, पहिल्या संध्याकाळी काय शिकवलं माहितीये? काही नाही. एक काठी दिली आणि तिला टोक काढायला सांगितलं. दोन तास काठ्यांना टोकं. तुम्ही सांगायचात ना, वर्कशॉपात फिटरकीला लागलात तेव्हा आठवडेच्या आठवडे एक लोखंडी ठोकळा देऊन नुसती कानस मारत बसवलं होतं, सपाट होईपर्यंत, आणि झाला की दुसरा ठोकळा. मी तेव्हा म्हणायचे की काय बोअर. तिथे बसून मला सारखं तेच आठवत होतं. तुमचं "हाताला आधी हत्यार कळू दे" हे वाक्य मी बाईंना इंग्लिशमधून सांगितलं, त्या नुसत्या मान हलवत राहिल्या आणि मला अजून एक काठी दिली.

मग लोण्याची सुरी. ज्युनिपरचं लाकूड, तासताना कापूर आणि मिरी एकत्र कुटल्यासारखा वास येतो, घरी आले तरी हाताला वास. सुरी झाली बऱ्यापैकी, म्हणजे लोणी लागतं तिने, पण पोळीवर तूप लावायला चमचाच बरा हे माझं मत कायम आहे.

त्यानंतर चमचा, आणि तिथे खरी मजा. मला वाटायचं लाकूड म्हणजे वाळलेलं, वखारीतलं. हे लोक चमच्याला ताजं तोडलेलं ओलं लाकूड घेतात, कारण ओलं असताना ते मऊ असतं, मुळ्यासारखं तासलं जातं. लाकूड बर्चचं, म्हणजे आपल्या भूर्जपत्राच्या भूर्जाचा इथला भाऊबंद, साल तशीच पांढरी आणि पापुद्र्यापापुद्र्याने सुटणारी. इथे जंगलात कोणीही फिरावं, फळं-मश्रूम तोडावेत, सगळ्यांना हक्क आहे, पण उभ्या झाडाची फांदी तोडायची नाही. म्हणून कोणाच्या अंगणात झाड पाडलं की बाईंना फोन येतो आणि आम्ही सगळे पिशव्या घेऊन हजर, रेशनच्या लायनीसारखे.

कुऱ्हाडीने ओंडका उभा फोडायचा, मग ढोबळ आकार, मग साधी सुरी, आणि खोलगट भागाला एक वाकडी, आकड्यासारखी सुरी. सगळ्यात अवघड काय तर लाकडाचं ऐकणं. त्याचे धागे एका दिशेने जातात, त्या दिशेने तासलं तर साल निघाल्यासारखं गुळगुळीत निघतं, उलट गेलात की सुरी आत घुसते आणि चमच्याचा कान उपटून हातात येतो. चमच्याच्या खोलगट भागात तर दोन्ही बाजूंनी मध्याकडे यायचं असतं, तळाशी दिशा बदलते. हे कळायला मला चार चमचे लागले. तिसऱ्याच्या वेळी अंगठा कापला. आई, थांब, दोन टाकेसुद्धा नाही लागले, नुसती पट्टी. चूक माझीच, सुरी बोथट झाली होती, जोर लावत बसले. बोथट सुरीनेच जास्त कापतं हे बाबा विळीला धार लावताना शंभर वेळा बोललेत. (आणि हो, इथे रस्त्यात विनाकारण सुरी बाळगायला बंदी आहे, क्लासला जाताना ती फडक्यात गुंडाळून बॅगेच्या तळाशी असते, उगाच काळजी नको.)

चौथा चमचा खरंच सुंदर झाला होता. मी खुशीत तो रात्री हीटरवर वाळत ठेवला. सकाळी उभी भेग, दांड्यापासून टोकापर्यंत. रडूच आलं. बाईंनी बघितला आणि म्हणाल्या बाहेरचा भाग आधी वाळून आखडला, आतला ओलाच होता, मग फाटणार नाही तर काय. सावकाश वाळवायचं, कागदी पिशवीत, त्याच लाकडाच्या ढलप्यांमध्ये पुरून. पापड कडक उन्हात टाकले की कडा उलतात, कधी फडक्याखाली ठेवतो, तसंच की. मला हे माहीत असायला हवं होतं, पण लाकूड आणि पापड एकत्र डोक्यात येत नाही ना माणसाच्या.

वाळल्यावर तेल. कोणतं सांगा? जवसाचं! आई, तुझ्या चटणीतलं जवस. हवेत ते हळूहळू घट्ट होऊन लाकडात बसतं. पण तेलाची चिंधी चुरगळून कचऱ्यात टाकायची नाही, ती आपोआप तापत जाते आणि पेटूही शकते, पाण्यात भिजवूनच टाकायची. त्या दिवसापासून मी जवसाकडे जरा आदराने बघते.

आता मुद्द्यावर येते. या महिन्यात एका रविवारी बाई आम्हाला नेसला घेऊन गेल्या. इथून लोकलने अर्धा तास फ्लूदा स्टेशन, पुढे चालत, तळ्याकाठी जुना वाडा आहे. ऑगस्ट अब्राहमसन नावाच्या व्यापाऱ्याचा, आणि त्याचा भाचा ओट्टो सालोमोन याने मामाच्या पैशाने 1872 साली तिथे हस्तकलेची शाळा काढली. पुढे शिक्षकांनाच शिकवायला लागला आणि जगभरातून शिक्षक यायचे. त्याचं म्हणणं सरळ होतं, सोप्यापासून अवघडाकडे जायचं, आधी सुरी मग बाकी हत्यारं, आणि पोराने जे बनवायचं ते घरात वापरात येणारं हवं, शोभेचं नाही. मी ऐकत होते आणि डोक्यात आपलं रुखवत. ताईच्या लग्नात काकूंनी काचेच्या बाटलीत मोती भरून केलेला हंस आठवतोय? तो अजून कपाटावर असेल धूळ खात. सालोमोनला दाखवायला हवा होता.

येताना बाईंच्या घरी कॉफीला थांबलो. त्यांच्या स्वयंपाकघरात भिंतीला एक गोष्ट लटकत होती आणि मी कप हातात तसाच धरून उभी राहिले. लांब दांडा, खाली चार-पाच आखूड दांडे चांदणीसारखे फुटलेले. रवी! आपली ताकाची रवी, जरा ओबडधोबड. मी म्हटलं हे काय आहे, तर त्याला क्रेक्ला म्हणतात, खीर-लापशी-सॉस ढवळायला. आणि ती कोरतच नाहीत. सूचिपर्णी झाडाच्या शेंड्याला फांद्या एकाच जागेवरून गोल फुटतात ना, तो तुकडा कापायचा, फांद्या आखूड करायच्या, साल सोलायची, झाली रवी. झाडाने आधीच करून ठेवलेली असते. पूर्वी लोक ख्रिसमसचं झाड काढून टाकताना त्याच्या शेंड्याची करायचे. मी बाईंच्या ओट्यापाशी उभी राहून दोन तळव्यांत धरून घुसळून दाखवली, दोरीने कशी फिरवतात तेही दाखवलं, सगळे बघत राहिले. त्यांना ती एका हाताने ढवळायची एवढंच माहीत.

घरी येऊन मी ते सगळे सेव्ह केलेले व्हिडिओ डिलीट केले. एकदम नाही, थोडे ठेवले, खोटं कशाला बोलू. पण काय बनवू हा प्रश्न मला पहिल्यांदाच पडला नाही. मग एकेक आठवायला लागलं. गावच्या आजीची करवंटीची डवली, तिची काथवट, सावंतवाडीला चितारआळीतून आणलेली लाकडी केळी आणि आंबे जी दादाने खरी समजून चावली होती. आणि परळला गणपतीच्या कारखान्याबाहेर आपण दोघं तास तास उभे राहायचो, दादा, आठवतं? डोळ्यांची आखणी चालू असली की ते काका ओरडायचे, पोरांनो श्वास हळू घ्या. मी तेव्हा नुसती मजा बघत होते असं मला वाटायचं. आता सुरी धरताना बघते तर करंगळी टेकवून मनगट स्थिर ठेवते मी, त्या काकांसारखी. मला कोणी शिकवलेलं नाही ते.

तर चिऊ, ऐक. यूट्यूब राहू दे. दिवाळी आलीय, आजोबांकडून कंदील शिक. एकच, साधा, कामट्यांचा. बाबा, तिला माहीमच्या कंदील गल्लीत आधी नुसतं बघायला न्या, विकत काही घेऊ नका, मग कामट्या आणि घोटीव कागद आणा. आणि मापं तुम्ही घेऊ नका, तिला घेऊ दे, चौकटी वाकड्या झाल्या तर होऊ देत, दोरा बांधताना कामटी निसटली की लगेच हात घालू नका, मी ओळखते तुम्हाला. खळ तिलाच ढवळू दे, गुठळ्या झाल्या तरी. फक्त तुम्ही झुरळं लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद टाकायचात तो तिच्या खळीत टाकू नका, ती बोटं चाटते. झिरमिळ्या तिने कापायच्या. आणि वहिनी, कंदील कसाही झाला तरी गॅलरीत तोच लावायचा, चायना माळ हवी तर आतल्या खोलीत.

आता माझं काम. बाबा, आजीची रवी फडताळात वरच्या खणात आहे, दांड्याला निळा दोरा बांधलेली. इथे 13 जानेवारीला ख्रिसमसची झाडं घराबाहेर काढतात, त्या दिवशी आमच्या सोसायटीच्या कचऱ्यापाशी झाडांचा ढीग पडतो, मला त्यातले चांगले शेंडे बघून ठेवायचेत, म्हणून त्याआधी मापं हवीत. ट्रंकेतला व्हर्निअर काढा. दांड्याची लांबी टेपने चालेल, पण जाडी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी घ्या, खालच्या बोंडाचा व्यास घ्या, आणि पाकळ्या किती आहेत ते मोजा, मला सहा आठवतायत, आई आठ म्हणेल. फोटो वरून नको, खालून काढा, शेजारी पट्टी ठेवून. दोरी जिथे घासून दांडा बारीक झालाय तिथलं माप वेगळं लिहा.

तो भेगेचा चमचा मी टाकलेला नाही. कुणी येणार असेल इकडून तर त्याच्या हाती पाठवते, बाबा बघून सांगतील कुठे चुकलं ते.

तुमची,
छोटी

ता. क. आई, अंगठा खरंच बरा आहे. फोटो मागू नकोस.