पोर्ट्समथचे फोटो

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

पावसाआधी माळा आवरताना आपल्या अमेरिकेतल्या फोटोंची पिशवी सापडली. गोव्याच्या दमट हवेनं निम्मे एकमेकांना चिकटलेत. एकात तू टोपी घट्ट धरून उत्तर कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरच्या केप हॅटरसच्या त्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या दीपगृहाशी उभा आहेस, मागं लगेच समुद्र. तू परतल्यावर मी पुन्हा गेलो होतो, त्या फोटोत दीपगृह तेच, पण समुद्र गायब! १९९९ साली त्यांनी ते आख्खं उचलून रुळांवरून पाऊण किलोमीटरहून जास्त आत नेलं. १८७० मध्ये बांधलं तेव्हा किनारा दीड हजार फूट लांब होता, तो शेवटी सव्वाशे फुटांवर आला होता. नुसत्या वाळूची बेटं ती. वादळात लाटा पुढची वाळू उचलून मागच्या खाडीत टाकतात आणि बेट हळूहळू जमिनीकडे सरकतं. आपल्या गोव्यातल्या दिवाडी-चोडण बेटांवर वाढलेल्याला हे पटायला वेळच लागतो.

पण मी जास्त वेळ बघत बसलो ते तिथल्याच पोर्ट्समथ या ओसाड गावाचे फोटो. शेजारच्या ओक्राकोक बेटाहून छोट्या होडीनं गेलो होतो, आठवतं? डासांनी फोडून काढलं होतं, तू तर शर्ट डोक्यावर गुंडाळून फिरत होतास (पुरावा माझ्याकडे आहे). गवतात विखुरलेली घरं, पोस्ट, पांढरं चर्च, सगळं नीट रंगवलेलं आणि माणूस एकही नाही. एके काळी तिथं सातशेच्या आसपास वस्ती. खाडीचं तोंड उथळ, म्हणून मोठ्या गलबतांवरचा माल तिथं लहान होड्यांत उतरवायचा, त्यावरच गाव जगायचं. १८४६ च्या एका वादळानं उत्तरेला नवी तोंडं फोडली, गलबतं तिकडे वळली. तरी गाव संपायला सव्वाशे वर्षं लागली. शेवटच्या दोन म्हाताऱ्या १९७१ मध्ये गाव सोडून गेल्या.

तेव्हा तू विचारलं होतंस, मोकळ्या गावाला रंग कशाला देतात? त्या वेळी मलाही तो सरकारी हौसेचा प्रकार वाटला. मग यंदा मे महिन्यात मुलीला घेऊन सांग्यात कुर्डीला गेलो. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं गाव, साळावली धरणाखाली गेलेलं. पाणी उतरलं की जोती, वाटा वर येतात, आणि उठवलेली माणसं सोमेश्वराच्या उत्सवाला, चॅपेलच्या फेस्ताला जमतात. एक आजोबा चिखलात काठीनं रेघ ओढून सुनेला स्वयंपाकघर कुठं होतं ते दाखवत होते. सून मोबाइलमध्ये. पोर्ट्समथवाल्यांचे वंशजही वर्षाआड जमतात, चर्चमध्ये गातात, एकत्र जेवतात. रंग त्यांच्यासाठी असतो रे.

आता कामाचं. त्या चर्चच्या आतला फोटो माझ्याकडे चिकटून गेलाय. निगेटिव्ह तुझ्याकडे असतील तर बघ, आणि पोस्टानं पाठवू नकोस, घेऊन ये. मेमध्येच ये, कुर्डीला जाऊ. जूनमध्ये आलास तर मासेमारी बंद, मग सुक्या बांगड्यावर भागवावं लागेल आणि तुझी कुरकुर मला ऐकावी लागेल.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनायक
फोंडा, गोवा