बीडलॉक चाके: माझा निर्णय आणि तुझा

खानापूर, जि. बेळगाव

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

दोघांनी मिळून बीडलॉक चाकांचे, म्हणजे टायरचा काठ बोल्टांनी पकडून ठेवणाऱ्या चाकांचे, दोन संच मागवावेत, म्हणजे भाव पाडून मागता येईल, हा तुझा बेत कळला. उत्तर द्यायला पंधरा दिवस लागले, कारण गेल्या पावसाळ्यात जांबोटीजवळच्या शेतवाटेवर माझ्या जिम्नीचे (सुझुकीची छोटी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी) पुढचे टायर रिमवरून सुटले, तेव्हापासून ही चाके माझ्याही मनात घर करून बसली आहेत आणि मनात बसलेल्या वस्तूविषयी सरळ विचार करणे मला जमत नाही.

त्या दिवशी चिखलात टायर पसरून पकड मिळावी म्हणून मी हवा १० पौंडांवर (दर चौरस इंचाला) आणली होती. लाल चिखलात गाडी आडवी घसरली, चाक वळलेले होते, आणि बांधातल्या जांभ्या दगडाला टायरची कड अडली. टायरच्या काठातले तारेचे कडे, म्हणजे बीड, रिमला धरून राहते ते मुख्यतः आतल्या हवेच्या रेट्यामुळे. हवा निम्मी केली की तो रेटाही निम्मा होतो, आणि बाजूने झटका बसला की काठ आत सरकतो. बीडलॉकमध्ये बाहेरचा काठ रिम आणि वरची कडी यांच्या मध्ये बोल्टांनी आवळलेला असतो, त्यामुळे हवा अगदी ५-६ पौंडांवर आणली तरी तो सुटत नाही. इथपर्यंत तुझे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे.

परंतु १० पौंडांपर्यंत उतरण्याची मला गरज होती का, हा प्रश्न मी स्वतःला त्यानंतर विचारला. पुढे त्याच वाटेने, तशाच चिखलातून, १६ पौंडांवर मी चार-पाच वेळा गेलो आणि एकदाही अडलो नाही. टायर जमिनीवर लांब पसरण्याचा जो फायदा आपल्याला हवा असतो, त्यातला बराचसा तिथेच पदरात पडतो. बीडलॉकची खरी किंमत त्याच्या खूप खाली उतरणाऱ्याला वसूल होते. माझी गाडी मात्र आठवड्यातले सहा दिवस खानापूर ते बेळगाव डांबरावर धावते.

आता बोल्टांचे बघ. एका कडीला २४ बोल्ट धरले, तर स्टेपनीसह पाच चाकांचे १२० झाले. ते समोरासमोरच्या क्रमाने, थोडे थोडे करत, टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) आवळायचे, थोडे अंतर चालवून पुन्हा तपासायचे, आणि पुढेही अधूनमधून हात फिरवत राहायचे. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात अ‍ॅलॉयमध्ये बसलेले लोखंडी बोल्ट कसे धरतात, हे तुला मी सांगायला नको. शिवाय चाकाचे वजन वाढते, बॅलन्सिंग अवघड होते, आणि साध्या बीडलॉकमध्ये आतला काठ मोकळाच असतो, ही गोष्ट विक्रेते सहसा आपणहून बोलत नाहीत. दगडाने टायरची बाजू फाटली तर बीडलॉक काहीच करू शकत नाही, आणि आमच्या भागात टायर मरतात ते बहुधा तसेच. (बीडलॉकसारख्या दिसणाऱ्या, नुसत्या शोभेच्या कड्या लावलेली चाकेही मिळतात. ती घेणाऱ्याविषयी मी काही लिहीत नाही, कारण मोहाचा एक क्षण माझ्यावरही आला होता.)

कायद्याची बाजूही आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, निर्मात्याने दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा फेरफार नोंदणीकृत गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ साली तेच बजावले. बेळगावची केए-२२ ची पाटी घेऊन शिनोळीला महाराष्ट्राची हद्द ओलांडून मी महिन्यातून दोनदा तुमच्याकडे येतो. उद्या अपघात झाला, तर विमा कंपनीला आयते निमित्त मी का द्यावे?

तेव्हा मी घेत नाही. त्या पैशांतल्या अगदी थोड्या भागात चांगला कॉम्प्रेसर, हवा उतरवायचे साधन आणि हवेचा दाब मोजणारे खात्रीचे गेज येते. टायर पुन्हा सुटलेच, तर टायरच्या घेराभोवती पट्टा घट्ट आवळून काठ रिमकडे ढकलायचे आणि हवा भरायची, ही युक्ती आता मला येते. टायर रिमवर बसवायला ज्वालाग्राही फवारा मारून काडी लावणाऱ्यांच्या वाटेला मात्र तू कधी जाऊ नकोस. त्यात रिम फुटून माणूस जायबंदी होऊ शकतो.

तुझी गोष्ट निराळी आहे. तुझी जुनी जीप स्पर्धेलाच बाहेर निघते, तीही दुसऱ्या गाडीवर चढवून, आणि खडकांवर तू खरोखर ७ पौंडांवर चालवतोस. तू जरूर घे. फक्त कडीसाठी जादा बोल्ट आणि टॉर्क रेंच त्याच वेळी घे, नंतर आणू म्हणू नकोस. एका संचाला भाव कमी मिळणार नाही, एवढे माझ्यामुळे तुझे नुकसान झाले, ते सोसून घे.

पुढच्या रविवारी शिनोळीला भेटू तेव्हा तुझे गेज बरोबर आण. माझ्या गेजमध्ये आणि इथल्या पंपावरच्या गेजमध्ये ३ पौंडांचा फरक येतो आहे. डांबरावर ३० पौंडांना तो चालून जातो, पण १२ ला चालणार नाही, आणि त्या दिवशी मी १० समजत होतो ते खरोखर किती होते, हे मला एकदा ताडून बघायचे आहे.

तुझा,
शाळेतला बाकसोबती