साक्षीभाव आधी दोन मिनिटांचा करून पाहा

महोदय,

'दिवसभर साक्षीभावात राहा', म्हणजे स्वतःकडे त्रयस्थासारखे बघत राहा, हा सल्ला रविवारच्या पुरवण्यांत वरचेवर छापून येतो. तो दिवसभर कुणालाच पाळता येत नाही, आणि का येत नाही हे मात्र लेखात कुठेच नसते. विसाव्या शतकातले आध्यात्मिक गुरू गुर्जिएफ यांच्या 'चौथ्या मार्गा'चा, म्हणजे संसार न सोडता रोजच्या जगण्यातच स्वतःवर काम करण्याच्या पद्धतीचा, अभ्यास करणारे वाचक म्हणून त्यावर थोडे लिहीत आहोत.

गुर्जिएफ यांचे म्हणणे असे, की माणसात एकसंध 'मी' नसतोच. अनेक 'मी' असतात आणि ज्याची पाळी तो स्वतःला मालक समजतो. दुकानात झगमगाट पाहून हप्त्यांवर टीव्ही घेणारा एक. पुढची दोन वर्षे हप्ते फेडणारे बाकीचे. रात्री गजर लावणारा आणि पहाटे तो बंद करणारा, यांची तर कधी गाठच पडत नाही.

१९१५ साली मॉस्कोत त्यांना भेटलेले त्यांचे शिष्य, रशियन लेखक उस्पेन्स्की यांनी पुढे एक साधी परीक्षा सांगितली. घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघायचे आणि त्याच वेळी 'मी इथे आहे, मी बघतो आहे' हे भानही सुटू द्यायचे नाही. त्यांच्या मते दोन मिनिटे ही मर्यादा. नवख्याचे लक्ष त्याच्या कितीतरी आधी निसटते. काटा दिसत राहतो, बघणारा गायब होतो. 'दिवसभर'चे काय होते, हे इथेच कळावे.

म्हणून सुरुवात एखाद्या ठरावीक प्रसंगापासून करावी. फोन हा उत्तम. साहेबांचा फोन आला की आवाज बारीक होतो, खांदे वर चढतात, माणूस नकळत उभा राहतो. फोन ठेवल्याबरोबर मुलावर 'कितीदा सांगायचं रे तुला?' असे खेकसले जाते. दोन माणसे, मध्ये अर्धे मिनिट. एवढेच टिपायचे. वहीत 'आज चिडचिड झाली' असे लिहून काही हाती लागत नाही. 'पावणेदहा, जबडा घट्ट, "सगळं मलाच करावं लागतं"' अशी वेळ, शरीर आणि मनातले वाक्य यांची नोंद उपयोगाची. तेच वाक्य पुन्हा दिसू लागले की त्या 'मी'ला एक नाव देऊन टाकावे, म्हणजे पुढच्या वेळी तो लवकर ओळखू येतो. फोनसारखा बघण्यासाठी ठरवलेला प्रसंगही अधूनमधून बदलावा. सवय झाली की तो काम करेनासा होतो.

बिघडते ते बहुधा सुधारणेच्या घाईने. राग दिसला की माणूस लगेच तो आवरायला जातो, आणि मग राग बघायचा राहूनच जातो. दुसरा घोटाळा अधिक फसवा: बघणाऱ्याच्या जागी आतला एखादा मास्तर येऊन बसतो. 'पुन्हा चुकलास' असे ऐकू आले, तर ते निरीक्षण नव्हे. तोही रांगेतलाच एक 'मी', त्याचीही नोंद करावी. 'मी असा का?' ही चौकशी सुरू झाली की माणूस थेट बालपणात पोचतो आणि समोरचा क्षण हातचा जातो.

फ्रान्समध्ये फाँतेनब्लोजवळ गुर्जिएफ यांनी १९२२ साली संस्था काढली. तिथे 'थांबा' अशी हाक आली की नजर आणि चेहऱ्यावरचा भावही जिथल्या तिथे ठेवून थिजायचे, असा अभ्यास होता. हाक दुसऱ्यानेच द्यायला हवी, हा त्यातला मुद्दा. स्वतःच स्वतःला थांबवणारा आधीच सावरून बसतो.

एक इशारा अशा प्रत्येक लेखाखाली छापावा, अशी विनंती आहे. निरीक्षणात पाय, श्वास, खांदे जाणवत असतात. नुसते शब्दच गरगरत असतील, तेच वाक्य दहा मिनिटे पाठ सोडत नसेल, तर ते चिंतन नव्हे, कुढणे आहे. तिथे वही मिटून कामाला लागावे. झोप उडाली असेल किंवा उदासी आठवडेच्या आठवडे टिकून असेल, तर हा अभ्यास बाजूला ठेवून मनोविकारतज्ज्ञांना भेटावे.

– चौथ्या मार्गाचे काही अभ्यासक, पुणे