खाऱ्या पाण्याच्या टाकीची गाळणव्यवस्था ठरवून देणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सादर प्रणाम.

आपण ठाण्यात आणि मी पुण्यात. आपला सारा परिचय दूरध्वनीवरचा. तरीही माझ्या घरातील खाऱ्या पाण्याच्या टाकीची गाळणव्यवस्था आज जशी उभी आहे ती आपल्या सल्ल्यामुळे, आणि त्याबद्दल आपले आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते उघडपणे लिहिण्याचे कारण एवढेच की, आपण मला जे सांगितले ते समुद्री मासे प्रथमच पाळू पाहणाऱ्या कोणासही उपयोगी पडेल, आणि आपण होऊन ते कधी कागदावर उतरवाल असे मला वाटत नाही.

चार फूट लांब आणि दीड फूट रुंद-उंच, म्हणजे सुमारे २४० लिटरच्या टाकीसाठी कोणता कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) घ्यावा, असा माझा प्रश्न होता. त्यावर आपण मलाच विचारले की, मासे कोणते आणि किती ठेवणार, त्यांना दिवसातून किती वेळा खायला घालणार, घरातील वीज एका वेळी किती काळ जाते, आणि टाकीखालच्या कपाटाची आतली मापे काय आहेत. मी अनेकांशी बोललो होतो. कपाटाची मापे विचारणारे आपण एकटेच.

त्यानंतर आपण अमोनियाचा हिशोब समजावला. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, एका प्रकारचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसरे त्याचे नायट्रेट करतात, एवढे मला ठाऊक होते. परंतु गोड्या पाण्यात सामू (pH) ७ च्या आसपास असताना एकूण अमोनियापैकी खरा विषारी अंश एक टक्क्याहून कमी असतो, आणि समुद्राच्या पाण्यात सामू ८.२ च्या आसपास असल्याने तोच अंश कित्येक पटींनी वाढतो, हे आपल्याकडून समजले. नायट्राइटचे मात्र उलटे आहे. खाऱ्या पाण्यातील क्लोराइडमुळे ते माशांच्या कल्ल्यांतून सहजी आत शिरत नाही. त्यामुळे गोड्या पाण्यातील अनुभव जसाच्या तसा येथे लावू नये, हे आपले म्हणणे मला कारणासह पटले.

स्किमरविषयी, म्हणजे बुडबुड्यांच्या फेसातून पाण्यातील मळ वरच्या कपात काढणाऱ्या उपकरणाविषयी, आपण जे सांगितले ते तर मी जवळजवळ शब्दशः टिपून ठेवले आहे. खाऱ्या पाण्यात हवेचे बुडबुडे एकमेकांत चटकन न मिसळता बारीक राहतात, आणि माशांच्या अंगावरचा चिकट स्राव, खाद्यातून सुटलेली प्रथिने अशी द्रव्ये हवा आणि पाणी यांच्या सीमेवर जाऊन चिकटतात. डाळीला उकळी आल्यावर वर येणारा फेस पळीने काढावा तसा हा मळ कपात गोळा होतो. बाकीच्या बहुतेक व्यवस्था ही द्रव्ये कुजून त्यांचा अमोनिया झाल्यावर कामाला लागतात, स्किमर त्याआधीच ती बाहेर काढतो. शिवाय पाण्यात प्राणवायूही मिसळतो, जो पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांत पाणी तापल्यावर फार मोलाचा ठरतो. त्याच वेळी, आधीच तयार झालेले नायट्रेट स्किमर काढत नाही, हेही आपण स्पष्ट केले. डब्यावर लिहिलेली क्षमता मोजक्याच माशांच्या टाकीसाठी असते असे समजून आपल्या टाकीच्या दुप्पट क्षमतेचा स्किमर घ्यावा, आणि नवा स्किमर पहिले काही दिवस नीट फेस देत नाही म्हणून सारखा स्क्रू फिरवत बसू नये, या दोन सूचनांनी माझे पैसे आणि मनःस्वास्थ्य दोन्ही वाचले.

कॅनिस्टरला आपला सरसकट विरोध नव्हता. वेळच्या वेळी उघडून धुणाऱ्यासाठी तो चांगला आहे, असे आपण म्हणालात. पण वीज गेल्यावर त्या बंद डब्यातील प्राणवायू जीवाणू लवकर संपवतात, पुढे ते मरू लागतात, आणि वीज येताच ते कुजके पाणी थेट टाकीत येते. आमच्या भागात दुरुस्तीसाठी वीज तासन्‌तास बंद असते, हे ऐकल्यावर आपण संप सुचवला, म्हणजे कपाटातील खालची उघडी टाकी, जिच्यात वरचे पाणी उतरते आणि गाळले जाऊन पंपाने पुन्हा वर जाते. तेव्हा मापांचा उलगडा झाला. पंप थांबला की वरच्या टाकीची पातळी दोन सेंटिमीटर जरी उतरली तरी सुमारे ११ लिटर पाणी खाली येते, आणि ते मावेल एवढी मोकळी जागा संपमध्ये कायम राखावी लागते. पाणी वर परत नेणाऱ्या नळीला वरच्या टाकीतील पाण्याच्या पातळीलगत एक लहान छिद्र पाडून ते स्वच्छ ठेवण्यास आपण सांगितले, कारण पातळी तिथवर उतरताच त्यातून हवा शिरते आणि पाणी उलटे ओढले जाणे थांबते. पंपावर लिहिलेला प्रवाहाचा आकडा शून्य उंचीचा असतो, चार फूट वर पाणी चढवताना प्रवाह बराच घटतो, हेही मी दुकानात नव्हे तर आपल्याकडून शिकलो.

जिवंत खडकाचा, म्हणजे जीवाणू आणि सूक्ष्म जीव वस्तीला असलेल्या समुद्रातील प्रवाळ खडकाचा, विषय आपण थोडक्यात आणि ठामपणे संपवलात. पाषाणी प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, तेव्हा समुद्रातून उचललेला असा खडक कोणी कितीही स्वस्तात देऊ केला तरी घेऊ नये. त्याऐवजी कृत्रिम सच्छिद्र खडक घेऊन, त्यात जीवाणू वाढेपर्यंत, अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येईपर्यंत, एकही मासा आणू नये. ही प्रतीक्षा कंटाळवाणी होती, यात शंका नाही. मासेही कृत्रिम प्रजननातून झालेले घ्यावेत, असा आपला आग्रह होता. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊनफिश या समुद्री माशाच्या प्रजननाचे तंत्र विकसित केले असल्याने ते शक्यही झाले.

माझ्या यादीतील अतिनील दिवा आपण खोडलात, तो पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावरचा उपाय नसून फार तर पाण्यात तरंगणारे परजीवी कमी करतो, या कारणाने. त्या पैशांत बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आणि क्षारता मोजण्याचे रिफ्रॅक्टोमीटर आले. बाष्पीभवनात पाणी उडते, मीठ मागे राहते, म्हणून रोजची भर शुद्ध गोड्या पाण्याचीच घालायची, हा नियम घरातील सर्वांना पाठ झाला आहे.

आता टाकीत क्लाऊनफिशची जोडी आणि गोबी जातीचा एक लहान मासा आहे. क्षारता दर हजारी ३५ वर स्थिर आहे, नायट्रेट १० पीपीएमच्या (दर दशलक्षी भागांच्या) वर गेलेले नाही, आणि गाळणपिशवी आठवड्यातून दोनदा धुतली जाते. संपच्या एका कप्प्यात आपण सुचवलेले केटोमॉर्फा शेवाळ रात्रीच्या दिव्याखाली वाढते. त्याची छाटणी केली की त्याने शोषलेले नायट्रेट आणि फॉस्फेटही टाकीबाहेर जाते.

आपण माझ्यासाठी वेळ दिलात, वस्तूंची यादी लांबवण्याऐवजी छोटी केलीत आणि प्रत्येक गोष्टीमागचे कारण सांगितलेत, याबद्दल मी आपला मनापासून ऋणी आहे. आपण वहीच्या पानावर काढून पाठवलेली संपची आकृती येथील दोन-तीन मित्रांनी मागितली आहे. आपली अनुमती असल्यास ती त्यांना देईन. कप्प्यांच्या उंचीत आपणास काही बदल सुचवायचे असतील तर तेवढे कळवावे.

आपला कृतज्ञ,
पुण्याचा एक मत्स्यप्रेमी