कोल्हापूरच्या कोटितीर्थ तळ्याच्या काठावरच्या काकांना

काका,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहितेय. तुमच्या नातवंडांपैकी कुणी वाचलं तर तुम्हाला वाचून दाखवतील.

पायाचं प्लास्टर निघून तीन आठवडे झाले होते. डॉक्टर म्हणाले, सपाटीवर हळूहळू चाला. रंकाळ्यावर चालायला जायचं म्हणजे भेळ खाऊन परत यायचं, हा आमच्या घरचा अनुभव. शिवाय त्या गर्दीत धक्का लागायची धास्ती. म्हणून कोटितीर्थावर आले. इतकी वर्षं शाहू मिलवरून जा-ये केली, पण तळ्याकडे कधी वळले नव्हते. आणि पहिल्याच दिवशी महादेवाच्या देवळापाशी चपलेचा अंगठा तुटला. डाव्याच पायातला, म्हणजे दुखऱ्या.

पाय जमिनीवर टेकवायचाही धीर होईना. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "ताई, बसा हितं. द्या ती चप्पल हिकडं." संकोच वाटला हो. वडिलांच्या वयाच्या माणसाच्या हातात चप्पल कशी द्यायची? तुम्ही ती ओढूनच घेतलीत. पिशवीच्या तोंडाची सुतळी सोडलीत, तिचं टोक ओठात धरून ओलं केलंत, पिळलंत आणि तळाच्या भोकातून आरपार ओवलंत. गाठ मारताना तुमच्या हाताकडे बघतच राहिले. दोन बोटं, एक वेढा, झालं. "मिलमधली गाठ हाय. सुटायची न्हाई."

1906 साली शाहू महाराजांनी सुरू केलेली ती मिल मला फक्त बंद फाटकाची माहीत. तुमच्या बोटांत ती अजून चालू आहे, हे तेव्हा दिसलं.

मग तुम्ही मला उठूच दिलं नाहीत. पाण्यात एक टिबुकली बुडी मारत होती. ती गडप झाली की तुम्ही आकडे मोजायचात आणि बोटानं दाखवायचात, "आता तिकडं निघंल." चारदा सांगितलंत, तीनदा चुकलात. चौथ्यांदा बरोबर आल्यावर माझ्याकडे असं बघितलंत की जणू पक्षी तुमच्या पगारावर होता.

आणि तुम्ही सांगितलेली ती बुजलेली तळी! कपिलतीर्थ मार्केटात मी लहानपणापासून भाजी घेते. आपण तळ्याच्या जागी उभ्या आहोत हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. गांधी मैदानात दर पावसाळ्यात पाणी साचतं म्हणून मी महापालिकेच्या नावानं बोटं मोडायला लागले, तर तुम्ही शांतपणे म्हणालात, "वरुणतीर्थ हुतं ते. पाणी येणारच की." (महापालिकेवरचा माझा राग त्यानं कमी झालेला नाही, हे आपलं सांगून ठेवते.)

निघताना तुम्ही देवळापासून रस्त्यापर्यंत माझ्या डाव्या बाजूनं चाललात. हात धरला नाहीत, फक्त बाजूला राहिलात. प्लास्टर निघाल्यापासून मी पहिल्यांदा पायाकडे न बघता चालले, हे घरी पोचल्यावर लक्षात आलं.

मनापासून आभार, काका.

चप्पल लाइनीत जाऊन अंगठा नीट बसवून घे, असं घरचे रोज सांगतात. मी गेलेली नाही. आता तळ्याच्या दोन फेऱ्या होतात, त्याच चपलेत. बुधवारी संध्याकाळी पाचला येते. तुमच्या पिशवीला सुतळी राहिली नाही, म्हणून एक गुंडी घेऊन ठेवलीय.

तुमची,
अंगठा तुटलेली ताई