सिस्टर, तुम्ही थांबलात

प्रिय सिस्टर,

बाबांना घरी आणून तीन आठवडे झाले. हे पत्र रोज लिहायला घेते आणि डोळे भरून आले की ठेवून देते.

मेंदूच्या डाव्या भागात गुठळी अडकली, उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. समज मात्र शाबूत होती. वाचाघातात असं होऊ शकतं, हे डॉक्टरांनी सांगितलंही होतं. तरी आधीच्या वॉर्डात त्यांच्या उशाशी उभं राहून कुणीतरी म्हणालं, "यांना कुठे काय कळतंय!" बाबांनी तोंड भिंतीकडे वळवलं. तिथे औषधं वेळेवर मिळायची, पण एक शब्द न बोलता चादर ओढली जायची, अंग फिरवलं जायचं. सामान हलवतात तसं. तो राग अजून गेलेला नाही, आणि जावा असं वाटतही नाही.

मग तुमच्या वॉर्डातली ती पहिली रात्र. एकाच कुशीवर पडून राहून जखमा (बेडसोअर) होऊ नयेत म्हणून दर 2 तासांनी कूस बदलायची होती. तुम्ही स्टूल ओढून बाबांच्या नजरेसमोर बसलात, त्यांचा डावा हात हातात घेतलात आणि म्हणालात, "काका, कुशीवर वळवू का? हो असेल तर एकदा दाबा, नको असेल तर दोनदा."

आणि थांबलात.

पलीकडे कुणाची तरी सलाइन संपत आली होती, टेबलावर फायली पडल्या होत्या. तरी तुम्ही घाई केली नाही. बऱ्याच वेळाने बाबांची बोटं आवळली. इतक्या दिवसांत कुणी त्यांना काही विचारलंच नव्हतं. त्यात मीही आले.

कूस बदलल्याची नोंद चार्टवर होते, विचारल्याची होत नाही. त्यासाठी रकानाच नसतो. रात्रपाळीत, एवढे पेशंट सांभाळताना, कुणी बघत नसतानाही विचारणारी माणसं आहेत, याचा मला केवढा आधार वाटतो! अशा माणसांचं कौतुक व्हायला हवं, तेवढं होत नाही.

आता घरी मीही तसंच करते. हात धरते, विचारते, थांबते. काल बाबांनी दोनदा दाबलं. मी त्यांचं पांघरूण सारखं केलं आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारलं.

तुमची,
खिडकीजवळच्या काकांची मुलगी