रहीमला खाली बसवू नका

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीतील दोहेकार कवी रहीमवरची ऐतिहासिक कथा काल दोनदा वाचली. पहिल्यांदा कौतुकाने आणि दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. कथाकारांची भाषा देखणी आहे, त्याबद्दल दुमत नाही. परंतु मोगलांनी नगरच्या किल्ल्याला घातलेल्या वेढ्यात पांढऱ्या दाढीचा रहीम राहुटीबाहेर डोळे पुसत पाण्याचा दोहा रचतो आणि सोबतच्या चित्रात त्याच्यामागे डोंगरावर किल्ला झळकतो, हे पाहून आम्ही नगरकरांनी काय करावे? आमचा किल्ला भुईकोट आहे. त्याला खंदक आहे, डोंगर नाही. आणि 1556 साली जन्मलेला अब्दुल रहीम 1595 च्या डिसेंबरात अवघा 39 वर्षांचा होता.

या चुका एक वेळ पोटात घालू. माझा राग वेगळाच आहे. मी 31 वर्षे शाळेत हिंदी शिकवले आणि दरवर्षी रहीमचे दोहे मुलांकडून घोकून घेतले. एकदा भिंगारच्या एका मुलाने उभे राहून विचारले, ‘‘सर, आपल्या किल्ल्यावर तोफा घेऊन आलेला खानखाना तो हाच का?’’ मी त्याला ‘आगाऊपणा पुरे’ म्हणून खाली बसवले. मधल्या सुट्टीत इतिहासाच्या सरांना विचारले, तेव्हा मुलगा बरोबर होता, अकबराचा सरदार खानखाना म्हणजेच आपला कवी रहीम, असे कळले. त्याला तसे सांगायचे मात्र राहिले, ते राहिलेच. आपल्या कथाकारांनी तेच केले आहे, फक्त त्यांनी सरदाराला खाली बसवले. कथेत तटाखाली पेरलेले सुरुंग नाहीत, 1596 च्या फेब्रुवारीत उडालेला तट नाही, तलवार घेऊन खिंडारात उभी राहिलेली चांदबिबी नाही. अकबराचा मुलगा शाहजादा मुराद आणि खानखाना यांचे मुळीच पटत नव्हते, हेही नाही. कवीला लढाईवर नेऊन लढाईच गाळायची होती, तर त्याला एवढ्या लांब आणले कशाला?

1597 साली गोदाकाठी आष्टीच्या लढाईत सोबतच्या सरदाराने, हरलो तर आपल्याला कुठे शोधायचे, असे विचारले, तेव्हा ‘प्रेतांच्या ढिगाखाली’ असे रहीमने उत्तर दिल्याचे मोगलांचे इतिहासग्रंथ सांगतात. असे आयते वाक्य हाताशी असताना अश्रूंवर दोन रकाने खर्च करण्याचे धाडस आपल्या कथाकारांनीच करावे.

चित्रकारांना डोंगर हवाच असेल, तर तो ‘चांदबिबी महाला’च्या खाली आहे. अर्थात तो महाल चांदबिबीचा नसून निजामशाहीचा वजीर सलाबतखान याची कबर आहे. हे सांगणारे माझे पत्र गेल्या वर्षी आपल्याकडे पोहोचले होते. ते अद्याप छापून आलेले नाही.

आपला,
एक निवृत्त हिंदी शिक्षक, नगर